केस गळतायत, डोक्याला नक्की कुठलं तेल लावू? (ठाणे-नवी मुंबईकरांनी विशेष लक्ष द्या)

घोडबंदरची_नीला
नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसती वाचतेय, धागा पहिल्यांदाच काढतेय, सांभाळून घ्या. विषय केस. दिवाळीच्या जरा आधीपासून जे गळायला लागलेत ते थांबायचं नाव नाही. बाथरूमच्या जाळीवर पुंजका, कंगव्यात पुंजका, परवा कणकेत निघाला आणि मग घरात जे व्हायचं ते झालं. वय पस्तिशीच्या आतलं. कासारवडवलीला राहतो, टँकरचं पाणी, बादलीला आतून पांढरा थर येतो तर डोक्याचं काय होत असेल देव जाणे.

सल्ल्यांना तोटा नाही. सासूबाई म्हणतात रोज रात्री खोबरेल चोपड, तेल सोडलंस म्हणूनच हे झालं. पार्लरवाली म्हणते तेल अजिबात नको, कोंडा आहे. ऐरोलीच्या ऑफिसातली मैत्रीण पर्समध्ये रोझमेरीचं तेल घेऊन फिरते. नवऱ्याच्या मावशीने कांद्याचं तेल पाठवलंय, झाकण उघडलं की घरात भजीची गाडी लागल्यासारखा वास.

तर प्रश्न असा की या तेलांनी केस खरंच वाढतात का नुसते मऊ होतात? आणि कोंडा असताना तेल लावायचं की नाही? अनुभव सांगा, फॉरवर्ड नकोत, ते सगळे आलेत मला.

टक्कलराव_कळवेकर
मी सगळी तेलं लावून बसलोय. डोकं फार छान चकाकतं आता. दिवे घ्या, म्हणजे गमतीत घ्या.

नौपाड्याच्या_काकू
नीला, सासूबाईंचं ऐक गं. पण नुसतं बाटलीतलं नको, घरी कर. चांगलं घाण्याचं खोबरेल आण. त्यात माका, ब्राह्मी, जास्वंदीची फुलं आणि थोडी पानं, मूठभर कढीपत्ता, सुका आवळा, चमचाभर मेथी, आणि मिळाल्या तर वडाच्या पारंब्यांची कोवळी लालसर टोकं ठेचून. लोखंडी कढईत अगदी मंद आचेवर. घाई केलीस की पाला करपतो आणि तेलाला जळका वास येतो. चुरचुर थांबली की उतरवायचं, कोमट असताना सुती फडक्यातून गाळायचं. सुकं सामान जांभळी नाक्याला काष्ठौषधीच्या दुकानात सगळं मिळतं. माझी सत्तरी जवळ आली, वेणी अजून मुठीत मावत नाही.

रसायनशेठ
काकू, कृती झकास आहे, पण वेणीचं श्रेय तेलापेक्षा तुमच्या आई-आजीला जास्त द्यावं लागेल. केसाची जाडी, घनता हे बरंचसं वारशाने येतं.

नौपाड्याच्या_काकू
आई-आजी माझ्या धाकट्या बहिणीची पण तीच होती. तिचा भांग बघा एकदा येऊन. तिने कधी डोक्याला तेलाचं बोट लावलं नाही.

टक्कलराव_कळवेकर
रसायनशेठ बाद. हसून हसून पुरेवाट.

रसायनशेठ
बाद तर बाद, पण मुद्दा सांगतो. मी रबाळ्याला कॉस्मेटिकच्या लॅबमध्ये आहे, दिवसभर हेच बघतो. आपण ज्याला केस म्हणतो तो त्वचेबाहेर आलेला भाग मेलेला असतो, प्रथिनाचा तंतू. जिवंत काय ते खाली मुळाशी. तेल लावता ते या तंतूवर आणि वरच्या कातडीवर. तंतूवर त्याचा उपयोग आहे, तो नाकारत नाही. 2003 मध्ये एक अभ्यास आला होता, खोबरेल, सूर्यफूल आणि मिनरल ऑईल अशी तुलना. धुताना-विंचरताना केसातलं प्रथिन निघून जातं ते फक्त खोबरेलाने ठळकपणे कमी झालं. कारण खोबरेलातलं लॉरिक आम्ल, रेणू लहान आणि सरळ, केसाच्या आत शिरतो. सूर्यफूल आत तेवढं शिरत नाही, मिनरल ऑईल नुसतं वर बसतं. अभ्यास खोबरेल विकणाऱ्या कंपनीच्याच लोकांनी केला होता हेही सांगून ठेवतो, पण निष्कर्ष पटण्यासारखा आहे.

म्हणजे काय, तर धुवायच्या आधी तेल लावलं तर केस पाण्याने कमी फुगतो, कमी तुटतो. तुटला नाही की लांब राहतो आणि आपण म्हणतो वाढला. वाढ होते महिन्याला साधारण एक सेंटीमीटर, तेल लावा न लावा.

पार्किंग_शोधतोय
अवांतर: याच खोबरेलावर सुप्रीम कोर्टात कितीतरी वर्षं केस चालली (केसच ती!), छोट्या बाटलीतलं खोबरेल खाद्यतेल की केसांचं तेल. खाद्य असेल तर जीएसटी 5 टक्के, केसांचं असेल तर 18. डिसेंबर 2024 मध्ये कोर्टाने सांगितलं की नुसती बाटली लहान म्हणून ते केसांचं तेल ठरत नाही. मग सप्टेंबर 2025 मध्ये सरकारने केसांच्या तेलावरच 5 टक्के केला. आमच्या घरी कोकणातून येतं ते एकाच डब्यातून, आमटीच्या फोडणीला पण आणि डोक्याला पण, आम्हाला हा प्रश्न कधी पडलाच नव्हता.

सांगलीचा_वाशीकर
आमटीला खोबरेल??? आमच्याकडे शेंगतेल. तुम्ही कोकणी लोक धन्य आहात.

पार्किंग_शोधतोय
शेंगतेल डोक्याला लावून बघा मग कोण धन्य ते कळेल.

ट्रान्सहार्बर_रोजचा
तेल काय वाट्टेल ते लावा हो, फक्त सकाळी लावून लोकलला येऊ नका, हात जोडतो. ठाणे-वाशी गाडीत शेजारचा घणसोली येईपर्यंत झोपतो आणि त्याचं डोकं माझ्या खांद्यावर. पांढऱ्या शर्टाला तेलाचा गोल. बायको विचारते हे कोणाचं, आता काय सांगायचं.

रोझमेरी_रील्स
कोणी रोझमेरीबद्दल बोलणार आहे का नाही? ते मिनॉक्सिडिलइतकंच (टकलावर लावायचं औषध) चालतं हे सिद्ध झालंय. मी लावते, माझ्या कपाळाजवळ बारीक बारीक नवीन केस आलेत. आणि ते आपल्याकडे निलगिरीच्या डोंगरांत पिकतं, परदेशी वगैरे काही नाही.

रसायनशेठ
ताई, तो अभ्यास इराणचा, 2015 चा. शंभर पुरुष, वारशाने टक्कल पडणारे, निम्म्यांना रोझमेरी, निम्म्यांना 2 टक्के मिनॉक्सिडिल. तीन महिन्यांनी दोन्ही गटांत काही फरक नाही, सहा महिन्यांनी दोन्हींत केसांची संख्या थोडी वाढलेली. रोझमेरीवाल्यांना डोक्याला खाज कमी आली ही जमेची बाजू. पण काहीच न लावणारा तिसरा गट नव्हता, आणि आज पुरुषांना सहसा 5 टक्क्यांचं देतात, तिथे 2 टक्के होतं. आशा ठेवायला हरकत नाही पण एवढ्यावर 'सिद्ध' म्हणायला माझी जीभ रेटत नाही. शिवाय ते पुरुषांच्या टकलाबद्दल होतं, नीलाला तो प्रकार आहे की नाही कोणी विचारलंय का अजून?

आणि कृपा करून ते थेट बाटलीतून टाळूवर ओतू नका. तो अर्क आहे, मोठ्या चमचाभर खोबरेलात किंवा तिळाच्या तेलात दोन-तीन थेंब बास. आधी कोपराच्या आत लावून दिवसभर बघायचं, लाल झालं तर नाद सोडायचा.

रोझमेरी_रील्स
सगळ्यालाच नाही म्हणायचं ठरवलंय तुम्ही. माझे आलेले केस काय खोटे आहेत?

रसायनशेठ
केस खरे आहेत हो. ते कशाने आले एवढंच विचारतोय.

गवती_चहा
कांद्याचं राहिलं. त्याचा जो अभ्यास सगळे सांगतात तो इराकमधला, 2002 चा, आणि तो *चाई* वर होता. म्हणजे डोक्यावर नाण्याएवढा गुळगुळीत चट्टा पडतो ना, ते. नेहमीच्या गळण्यावर नव्हे. वापरला होता कच्च्या कांद्याचा रस, दिवसातून दोनदा, माणसं चाळीसही नव्हती. आता बाजारात जे विकतात ते रंगीत तेलात कांद्याचा अर्क नावापुरता. मावशींना थँक्यू म्हण आणि बाटली बेसिनखाली ठेव.

वैद्य_पळसफुल
काकूंची कृती वाचून बरं वाटलं, दोन गोष्टी जोडतो. आमच्या शास्त्रात तेल सिद्ध करायला साधारण प्रमाण असं की कल्क (वाटलेल्या वनस्पतींचा गोळा) एक भाग, तेल चार भाग, आणि द्रव म्हणजे रस किंवा काढा सोळा भाग. लोक काय करतात, ओला पाला थेट तेलात टाकतात आणि पाणी पुरतं न आटवता गाळतात. मग पंधरवड्यात तेल खवट, कधी बुरशी. चुरचुर थांबली पाहिजे हे काकूंनी अगदी बरोबर सांगितलं. अजून एक खूण, तळाचा गाळ बोटांवर वळला की वात झाली पाहिजे आणि ती विस्तवावर धरली तर तडतडता कामा नये. तेलाला शेवटी फेस येतो, तूप सिद्ध करताना उलट फेस जातो.

आणि तेल लाल दिसलं की लोकांना वाटतं औषध उतरलं. तो रंग बऱ्याचदा रतनजोतीचा, म्हणजे लाल रंग सोडणाऱ्या एका मुळीचा असतो.

ओला, चिकट, पिवळसर कोंडा असेल तर मात्र मीसुद्धा आधी तेल थांबवायला सांगतो. काकू रागावतील.

नौपाड्याच्या_काकू
नाही रागवत. पण कोरडं भुरभुरणारं असेल तर?

वैद्य_पळसफुल
कोरडी टाळू असेल तर न्हाण्याआधी तासभर लावायला हरकत नाही. रात्रभर थापून, वर टॉवेल, वर उशी, हे नको.

मिनूची_आई
जरा वेगळं पण महत्त्वाचं म्हणून लिहिते. आमच्या शाळेच्या आयांच्या ग्रुपवर उवांसाठी सीताफळाच्या बियांची पूड तेलात कालवून लावा असं फिरतंय. प्लीज करू नका. ती पूड डोळ्यात गेली की बुबुळाला इजा होते, आमच्या सोसायटीतल्या एका लेकराला रात्री डोळ्याच्या दवाखान्यात न्यावं लागलं, डॉक्टर म्हणाले अशा केसेस येत असतात. साधा बारीक फणीचा कंगवा आणि दर दोन दिवसांनी नेटाने विंचरणं, बास. आणि तान्ह्या बाळांच्या डोक्याला कापूर घातलेलं तेल पण नको, कापूर त्यांना सोसत नाही, झटके येऊ शकतात.

टक्कलराव_कळवेकर
हे बरं झालं लिहिलंत. माझ्याकडे मुळात उवांची सोय नाही, पण नातीला सांगतो.

खारघरचा_डोंगर
मी मिनॉक्सिडिल लावतो, काय असेल ते खुलं बोलतो. घराण्यातच टक्कल, तेलांवर वय घालवलं नाही. मूळचं ते ब्लडप्रेशरचं औषध, खाणाऱ्यांच्या अंगावर केस यायला लागले तेव्हा लक्षात आलं, मग डोक्याला लावायचं औषध म्हणून अमेरिकेत 1988 ला मान्यता मिळाली. सुरुवातीला केस जास्तच गळतात, तिथे घाबरून लोक सोडतात. नंतर फरक पडतो, पण सोडलं की मिळवलेलं सगळं परत जातं, त्यामुळे हे लग्न आहे हे समजून करा. डॉक्टरला विचारून. गरोदर असाल तर नाहीच. आणि घरात मांजर असेल तर फार जपा, उशीवरचं चाटलं तरी मांजराच्या जिवावर बेततं.

सांगलीचा_वाशीकर
मांजराचं माहीतच नव्हतं बाबा. आमच्याकडे दोन आहेत. बायकोच्या टी ट्री ऑईलचं पण बघायला पाहिजे.

खारघरचा_डोंगर
ते पण मांजरांना विषारीच. कपाटात ठेवा.

चाफा_नेरूळ
सगळं वाचलं. मी त्वचारोगतज्ज्ञ आहे, इथे कोणाला औषध देत नाही, पण नीलाला एकानेही नीट विचारलं नाही म्हणून विचारते. नीला, दिवाळीच्या दोन-तीन महिने आधी काही झालं होतं का? मोठा ताप, ऑपरेशन, बाळंतपण, कडक डाएट? पाळीत रक्तस्राव जास्त जातो का? केस सगळीकडून पातळ झालेत की फक्त भांग रुंद झालाय? आणि गळलेला केस उजेडात धरून बघ, एका टोकाला पांढरा बारीक गोळा दिसतो का?

घोडबंदरची_नीला
अय्या हो. गणपतीत डेंग्यू झाला होता, ॲडमिट होते, प्लेटलेट्स खूप उतरल्या होत्या. तेव्हा एकही केस गळला नाही म्हणून त्याच्याशी जोडलंच नाही. केसाला पांढरा गोळा आहे, आत्ता बघितलं. सगळीकडूनच पातळ झालेत. पाळीचं म्हणाल तर हो, जास्तच असतं. गोळा आहे म्हणजे मूळ निघालं का? परत येणार नाही का?

चाफा_नेरूळ
घाबरू नकोस. तो गोळा म्हणजे मूळ नव्हे, ती विश्रांतीत गेलेल्या केसाची खूण. मूळ आतच आहे. गोळा नसता तर केस मधून तुटलाय असं समजायचं, तिथे तेलाचा आणि पाण्याचा प्रश्न येतो.

होतं काय, नेहमी डोक्यावरचे बहुतेक केस वाढत असतात आणि थोडे विश्रांतीत असतात, रोज पन्नास ते शंभर गळणं हे ठीकच. मोठा ताप आला की शरीर एकदम बऱ्याच केसांना विश्रांतीला पाठवतं. ते लगेच गळत नाहीत, दोन-तीन महिन्यांनी खालून नवीन केस ढकलायला लागला की गळतात. डेंग्यू, टायफॉईड, कोविड, बाळंतपण, सगळ्यांनंतर हेच. म्हणून पेशंटना कारण आठवत नाही, ते पाणी आणि शांपू बदलत बसतात. सहसा सहा महिन्यांत आपोआप ओसरतं. पण पाळीचं जे सांगितलंस त्यामुळे हिमोग्लोबिन, फेरीटिन (शरीरातला लोहाचा साठा) आणि थायरॉईड तपासून घे. लोह कमी असेल तर भरून यायला वेळ लागतो, आणि ते कुठल्याही तेलातून मिळत नाही.

कोंड्याचं वेगळं. मॅलॅसेझिया नावाची बुरशी आपल्या सगळ्यांच्याच टाळूवर असते, ती स्निग्ध पदार्थांवरच जगते. कोंडा असताना टाळूवर तेल म्हणजे तिला जेवण वाढणं. पार्लरवाली त्या बाबतीत बरोबर आहे. जवळच्या डॉक्टरला दाखव, बहुधा किटोकोनॅझॉलचा, म्हणजे बुरशी मारणारा शांपू देतील, तो लावून चार-पाच मिनिटं ठेवायचा असतो, लोक लगेच धुऊन टाकतात आणि म्हणतात गुण नाही.

पार्किंग_शोधतोय
आणि टँकरचं पाणी?

चाफा_नेरूळ
जड पाण्याने केस राठ होतात, गुंततात, तुटतात. मुळापासून गळण्याचं खापर सहसा त्याच्यावर फोडता येत नाही.

सांगलीचा_वाशीकर
आम्ही नवी मुंबईकर मोरबे धरणाचं मऊ पाणी वापरतो, तरी आमचे गेलेच. ठाणेकरांनी उगाच टँकरला शिव्या घालू नयेत.

ट्रान्सहार्बर_रोजचा
टँकरला शिव्या घालायला आमच्याकडे इतर पुष्कळ कारणं आहेत. घोडबंदरला या एकदा, दाखवतो.

रसायनशेठ
चाफाताईंनी जे सांगितलं त्यात सगळ्या तेलांच्या जाहिरातीची चावी आहे बघा. माणूस तेल विकत कधी घेतो? गळणं अगदी कळसाला पोचतं तेव्हा. आणि आजारपणाचं गळणं तर कळसावरून उतरणारच असतं. आता नीलाने आज मावशीचं कांद्याचं लावायला घेतलं तर उन्हाळ्यापर्यंत गळणं थांबेल, कपाळावर बारीक केस येतील, आणि ती दहा जणींना कांद्याचं तेल सांगेल, अगदी प्रामाणिकपणे. रोझमेरी घेतली असती तर रोझमेरी सांगितली असती. 'मला गुण आला' हे खोटं नसतं, फक्त आधी काय झालं होतं ते त्यात येत नाही. रोझमेरीताई, तुम्हाला टोमणा नाही, खरंच विचारतो, तुमचं गळणं कशानंतर सुरू झालं होतं?

रोझमेरी_रील्स
मुलगा झाल्यावर. चौथ्या महिन्यात.

रोझमेरी_रील्स
ठीक आहे, कळलं. तरी मी लावणारच, मला वास आवडतो आणि त्या निमित्ताने कोणी पाच मिनिटं हाक मारत नाही.

चाफा_नेरूळ
याहून चांगलं कारण मी आजवर ऐकलेलं नाही. लावा.

नौपाड्याच्या_काकू
मी हेच सांगतेय ना कधीची. आमच्याकडे रविवारी आई एकेकीला पुढ्यात घेऊन बसायची तेल घालायला. ते केसांसाठी होतं की आमची भांडणं मिटवायला, तिलाच ठाऊक. तुमच्या लॅबमध्ये हे कसं मोजणार?

रसायनशेठ
नाही मोजता येत काकू. तिथे मी खरंच बाद.

एरंडेल_गँग
एरंडेलाचं कोणीच काही बोललं नाही? भुवयांना लावतात सगळे.

गवती_चहा
भुवयांना लावा, डोळ्यात जाऊ देऊ नका. डोक्याला निव्वळ एरंडेल नको, फार घट्ट असतं. लांब केसांना चोपडून गरम पाण्याने धुतलं की कधीकधी असा गुंता होतो की सुटतच नाही, पार नमदा बनतो, आपल्याकडे डॉक्टरांनी अशी केस नोंदवलेली आहे, शेवटी केस कापावे लागले. खोबरेलात थोडंसं मिसळा, फार तर.

घोडबंदरची_नीला
मंडळी, उशिरा येतेय, माफ करा. रिपोर्ट आले. थायरॉईड ठीक, फेरीटिन फारच कमी, डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्यात आणि चहाबरोबर घेऊ नकोस असं बजावलंय, म्हणजे माझा सकाळचा कार्यक्रमच बदलला. कोंड्याचा शांपू सुरू आहे, खाज गेली. गळणं कमी झालंय, पण रसायनशेठचं वाचल्यापासून मी श्रेय कोणालाच देत नाहीये :)

तेलाचं असं ठरलं की टाळू सोडून फक्त कानाखालच्या लांबीला, न्हायच्या आधी तासभर, खोबरेल. सासूबाईंना हे 'अर्धवट तेल' अजिबात मान्य नाही, पण लावून त्याच देतात. कांद्याची बाटली नवऱ्याने दाराच्या कुरकुरणाऱ्या बिजागरीला घातली.

आता काकूंचं तेल निदान सासूबाईंसाठी करून बघायचंय. कढीपत्ता, जास्वंद घरची आहे. ताजा माका कुठे मिळेल? आमच्या सोसायटीच्या बागेत पिवळ्या फुलांचा माका पसरलाय असं माळी म्हणतो, तो चालेल का?

वैद्य_पळसफुल
नको नको, थांबा. सोसायट्यांमध्ये जमीन झाकायला लावतात ती पिवळ्या फुलांची वेल शोभेची आहे, बाहेरून आलेली. काकू म्हणतात तो माका पांढऱ्या फुलाचा. फूल शर्टाच्या बटणाहून लहान, पानं समोरासमोर आणि खरखरीत, ओल्या जागी येतो, येऊरच्या ओढ्यांकडेला किंवा भातखाचरांच्या बांधावर पावसाळ्यानंतर भरपूर. गटाराकडेचा घेऊ नका. शंका आली तर देठ चुरडून बघा, रस थोड्या वेळात काळा पडतो, बोटंही काळी होतात. पिवळ्याचा तसा होत नाही.

नौपाड्याच्या_काकू
जांभळी नाक्याला भाजीवाल्या बायका सकाळी लवकर आणतात कधीकधी, आदल्या दिवशी सांगून ठेवावं लागतं. आणि नीला, कढई लोखंडीच घे हो. नसेल तर माझी घेऊन जा.